कादंबरीकार आजोबा, शिल्पकार नात आणि एकच चिकटवही: कोकणच्या हवेत स्क्रू-पोस्ट अल्बम कितपत टिकतो?

घरातल्या दोन-तीन पिढ्यांची कात्रणं, पत्रं आणि फोटो एका वहीत बांधायचे आहेत, आणि घर श्रीवर्धन ते वेंगुर्ला या खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात आहे. अशा वेळी अल्बमच्या प्रकारांपैकी घेण्यासारखा एकच: स्क्रू-पोस्ट, म्हणजे सुटी पानं स्क्रूने धरणारा अल्बम. तोही ऑनलाइन तयार मिळतो तो नव्हे, बाइंडरकडून मापाने करून घेतलेला. तयार अल्बमला पाचपैकी अडीच गुण, करून घेतलेल्याला साडेचार. उरलेला अर्धा कुठे जातो ते ओघात येईल.

हे परीक्षण एका विशिष्ट वहीपुरतं आहे: जिच्यात एका पिढीत कादंबरीकार आहे आणि पुढच्या एखाद्या पिढीत शिल्पकार. या किनाऱ्याने दोन्ही दिले. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत लिहीत होते, श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, आणि शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) अलिबागजवळच्या सासवण्याचे. मात्र ही दोन्ही कामं एका घरात आली की वही अवघड होते. लेखकाचा कागद आणि शिल्पकाराचा कागद एकमेकांशेजारी सुखाने नांदत नाहीत. एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष.

आधी बाद झालेले प्रकार, थोडक्यात. चिकट पानांचा आणि वर पारदर्शक पापुद्रा असलेला अल्बम घेऊच नका. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कडेला चिवट होतो आणि मधे फोटोला कायमचा धरून बसतो. असा जुना अल्बम घरात असेल तर फोटो ओढू नका. कोपऱ्यातून बारीक तंगूस आत सरकवा आणि करवतीसारखी पुढेमागे करत गोंद कापत न्या. खिशांचा ४×६ इंची अल्बम सहलीच्या फोटोंना ठीक, कात्रणांना निरुपयोगी. शिवाय खिसे पीव्हीसीचे असतील तर त्यातला मऊ करणारा द्रव सुटून फोटोला आणि झेरॉक्सच्या शाईला चिकटतो. छापून येणारं फोटोबुक सुरेख दिसतं, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना वाटायला उत्तमच. पण ती प्रत आहे. मूळ कागदाचं काय करायचं, हा प्रश्न ती सोडवत नाही.

स्क्रू-पोस्टचा मोठा गुण म्हणजे तो उघडतो. दोन पुठ्ठे, मधे सुटी पानं आणि ती धरणारे पोकळ दांड्यांचे स्क्रू. एका पानाला बुरशी लागली तर तेवढंच काढता येतं, नवं पान हव्या त्या जागी घालता येतं. शिवलेल्या वहीत एक पान ओलं झालं की शेजारची दहा पानं त्याच ओलाव्यात अडकून राहतात.

तयार मिळणारा बहुधा १२×१२ इंचांचा असतो, दोन स्क्रूंचा, आणि सोबत प्लास्टिकच्या बाह्या, म्हणजे पानं सरकवायची पारदर्शक आवरणं. त्याला तीन ठिकाणी मार बसतो. पहिला मापात: वर्तमानपत्राच्या पूर्ण पानाची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास असते, त्यामुळे उभं परीक्षण किंवा रविवार पुरवणीतली मुलाखत १२ इंचांत मावत नाही. मग ती दुमडली जाते आणि घडीवर तुटते. दुसरा स्क्रूंमध्ये: मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू समुद्राजवळ एक-दोन पावसाळ्यांत गंजतात आणि गंज भोकाभोवती कागदात झिरपतो. पितळी स्क्रूंवर हिरवा कळंक चढतो. तिसरा बाह्यांमध्ये. विक्रेत्याला त्या कशाच्या आहेत हे विचारा. उत्तर पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन किंवा पॉलिएस्टर यांपैकी असेल तरच घ्या. नव्या गाडीच्या सीटसारखा उग्र वास आला की पीव्हीसी समजा.

करून घेताना बाइंडरला द्यायचं माप असं: पान ३० सेंमी रुंद, ४० सेंमी उंच, कागद २०० ते २५० जीएसएम (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम). उभ्या कडेला तीन भोकं. दोनच ठेवली तर एवढं उंच पान मधे लोंबतं आणि भोक ताणलं जातं. कडेपासून ३ सेंमीवर घडीची रेघ दाबून घ्यायला सांगा, म्हणजे पान तिथून उलटेल, भोकापाशी नाही. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा. दमट हवेत कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने फुगतो, त्यामुळे ग्रेन उलटा पडला तर जुलैत सगळी पानं कण्यापाशी लाटांसारखी उठतात. तपासायला पान दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या घडीला कमी विरोध, त्या घडीच्या रेघेला समांतर ग्रेन. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. ३०४ चालतं, पण खाऱ्या हवेत त्यावर तांबूस ठिपके येतात.

बाइंडर ज्याचा हटकून कंटाळा करतात ती गोष्ट म्हणजे पानांमधल्या पट्ट्या. पानावर काही चिकटवलं की त्याची जाडी वाढते, कण्याकडची मात्र तेवढीच राहते. पट्ट्या नसतील तर अल्बम भरेपर्यंत तोंडाकडे पाचरीसारखा उघडा राहतो आणि त्या फटीतून दमट हवा, धूळ, कसर सगळं आत जातं. उपाय सोपा आहे. प्रत्येक पानामागे कण्यापाशी त्याच कागदाची ३ सेंमी रुंद पट्टी घाला. २५० जीएसएमचं पान साधारण ०.३ मिमी जाड, पट्टीसह ०.६ मिमी. म्हणजे ४० पानांना कणा २४ मिमी आणि स्क्रू २५ मिमीचा. पट्ट्यांचा हिशेब न करता १२ मिमीचे स्क्रू घेतले तर निम्म्यातच अल्बम भरतो.

कागद कोणता? ‘अॅसिड-फ्री’ असं छापलेलं असलं तरी ते तपासून घ्या. पीएच पेनाने कोपऱ्यात रेघ ओढा: जांभळी झाली तर कागद आम्लमुक्त, पिवळी किंवा रंगहीन राहिली तर परत करा. हातकागदाबद्दल कोकणात उगाच भाबडा विश्वास आहे. पुण्यात हातकागद बनवण्याची जुनी परंपरा आहे आणि सुती चिंध्यांचा हातकागद खरोखर दीर्घायुषी असतो. पण सायझिंगला, म्हणजे शाई फुटू नये म्हणून देतात त्या खळीत, तुरटी वापरली असेल तर तोही आम्लधर्मी होतो, त्यामुळे पेनाची रेघ त्यालाही चुकत नाही. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ मानकात किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कधर्मी साठा मागितलेला आहे, कागदात कालांतराने आम्ल तयार झालं तर ते मारायला. अशा कागदाला बफर्ड म्हणतात, आणि आजोबांच्या कात्रणांसाठी तो हवाच.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या दळलेल्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन प्रकाशात आणि हवेत पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद पापडासारखा मोडतो. वाईट म्हणजे हे आम्ल शेजारी पसरतं. कात्रणासमोर फोटो लावला तर काही वर्षांनी फोटोवर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी चौकोन उमटतो. एका पानावर आजोबांच्या कादंबरीचं परीक्षण आणि समोर नातीने केलेला त्यांचा अर्धपुतळा, असं लावण्याचा मोह प्रत्येक घराला होतो. हौस भागवायची तर कात्रणाची लेझर झेरॉक्स आम्लमुक्त कागदावर काढून ती समोर लावा आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा. टोनरची प्रत मूळ कात्रणापेक्षा कितीतरी जास्त टिकते, आणि वाचायलाही तीच बरी.

दिवाळी अंकांचं दुखणं वेगळं. कादंबरीचा तुकडा आधी दिवाळी अंकात आणि मग पुस्तकात, ही वाट १९०९ मधल्या ‘मनोरंजन’च्या पहिल्या दिवाळी अंकापासून मराठीत रुळत गेली. अंकातला आणि पुस्तकातला मजकूर पुष्कळदा वेगळा असतो, म्हणून ही पानं जपण्यासारखी असतात. चित्रांची गुळगुळीत पानं आर्ट पेपरची, म्हणजे चिनी मातीचा लेप दिलेली. ती ओली झाली की लेप मऊ, चिकट होतो आणि वाळताना पानं एकमेकांना कायमची जोडली जातात. छप्पर गळून अंक भिजला तर तो वाळायच्या आत पान-पान वेगळं करा. जमत नसेल तर पॉलिथिनच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि जाणकार मिळेपर्यंत काढू नका. वाळून जोडला गेलेला आर्ट पेपर पुन्हा सुटत नाही.

हस्तलिखितांत फाउंटन पेनाची निळी शाई असेल तर ती पाण्यात पसरते. ओला बोळा, ओलं फडकं, गोंदाचा ओला थर, काहीही तिच्याजवळ नको. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना सगळ्या काढा. ओढू नका, मागच्या बाजूने पाय सरळ करून वर उचला.

आता नातीची बाजू. शिल्पकाराच्या कागदांत चार-पाच जाती असतात आणि प्रत्येकीचं पथ्य निराळं. चौथऱ्याचे किंवा सांगाड्याचे जुने निळे नकाशे, ज्यांना ब्लू-प्रिंट म्हणतात, ते अल्कधर्मी कागदाजवळ फिके पडतात. म्हणजे कात्रणांसाठी घेतलेला उत्तम बफर्ड कागद इथे घातक. त्यांना बफर न घातलेला आम्लमुक्त कागदच द्या. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेने काढलेल्या नकाशांच्या प्रती, असतील तर त्या अल्बममध्ये नकोतच. त्यांच्यातून निघणारी वाफ शेजारच्या फोटोंना डागाळते. कोळशाची आणि पेस्टलची रेखाटनं प्लास्टिकच्या बाहीत घातली की स्थिर विजेने भुकटी प्लास्टिककडे ओढली जाते आणि रेषा पुसट होते. ती खिडकी कापलेल्या जाड पुठ्ठ्यात ठेवा, म्हणजे पृष्ठभागाला काही टेकणार नाही. ट्रेसिंग पेपर दमट हवेत सुरकुततो, त्याला चारही बाजूंनी चिकटवू नका.

स्टुडिओतून थेट वहीत येणाऱ्या कागदांवर दोन गोष्टी असतात: प्लास्टरची भुकटी आणि तेलातली मॉडेलिंगची माती. भुकटी घासू नका, ती फोटोचा थर खरवडते. मऊ ब्रशने एकाच दिशेने, घराबाहेर झटका. तेलमातीचा डाग निघत नाही. या मातीच्या काही प्रकारांत गंधक असतं आणि गंधक चांदीला काळं करतं. जुन्या कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीचीच असते. तेव्हा मातीचा नमुना, वाळलेली गोळी, ‘आठवण म्हणून’ चिकटवलेला तुकडा यांतलं काहीही या अल्बममध्ये नको.

मातीच्या मॉडेलचे फोटो मात्र सोन्याच्या मोलाचे. ओल्या मातीवर प्लास्टरचा साचा घेतला की साचा सोडवताना माती बहुधा मोडूनच निघते, आणि नंतर त्या अवस्थेचा पुरावा म्हणून फोटोच उरतो. म्हणून प्रत्येक फोटोखाली टप्पा आणि माध्यम लिहिलंच पाहिजे: माती, प्लास्टर, सिमेंट, दगड की ब्राँझ. कृष्णधवल फोटोत रंगवलेलं प्लास्टर आणि ब्राँझ ओळखता येत नाही. सासवण्याचं करमरकरांचं घर-संग्रहालय पाहून आल्यावर नुसते फोटो चाळा, मग यातली गोम लक्षात येते. ओळ कशी असावी? ‘शिवाजी महाराज, अश्वारूढ पुतळा, ब्राँझ, पुणे, १९२८.’ विषय, माध्यम, जागा, साल. ‘आईचं सुंदर काम’ या ओळीचा तिसऱ्या पिढीला काही उपयोग नाही.

लेखकाचे फोटो लावताना शिल्पकाराच्या नजरेने निवडा. मृत माणसाचा अर्धपुतळा करायचा तर समोरून काढलेला एक चांगला फोटो पुरत नाही. दोन्ही बाजूंचे पूर्ण पार्श्वदर्शन, तीन-चतुर्थांश कोन, शक्य तर मागून मानेचा आणि कानाचा आकार, एवढं लागतं. सत्काराच्या गर्दीतला तिरपा, धूसर फोटो घरची माणसं बाद करतात. जबड्याची रेषा नेमकी त्यातच सापडते. त्याच्या मागे ‘उजवी बाजू, अंदाजे साल’ लिहून ठेवा. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिल चालते. १९७० नंतरच्या प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही आणि बॉलपेन पुढे उमटतं, तिथे अल्बमच्या पानावरच लिहा.

चिकटवायचं कसं? शक्यतो चिकटवूच नये. फोटोंना पॉलिएस्टरचे किंवा आम्लमुक्त कागदाचे कोपरे, कात्रणांना आणि पत्रांना पॉलिएस्टरची पाकिटं. कोपरे आणि पाकिटं घेताना फोटोंसाठीच्या आयएसओ १८९१६ चाचणीचा उल्लेख आहे का ते पाहा. पांढरा गोंद वाळला की सुटत नाही, सेलोटेपचा गोंद कागदात उतरून तपकिरी होतो, दोन्ही वर्ज्य. जिथे बिजागरीसारखी पट्टी लावावीच लागते तिथे बाइंडर मैद्याची खळ काढतील. खळ चांगली, पण कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. मोरचुदातलं तांबं कागदाला आतून खातं, तेव्हा ते घालू नका असं स्पष्ट सांगा. आणि बिनमोरचुदाची खळ कोकणात कसरीला आमंत्रण. म्हणून आमची पसंती मिथिल सेल्युलोजला: १०० मिली पाण्यात २ ते ३ ग्रॅम भुकटी, रात्रभर भिजत ठेवायची, सकाळी ढवळायची. पकड कमी, पण पातळ कागदाला पुरते, पाण्याने सुटते आणि किड्यांना आवडत नाही. पट्टी पातळ जपानी कागदाची, १ सेंमी रुंद, कात्रीने न कापता फाडलेली, आणि वस्तूच्या वरच्या कडेलाच. चारही बाजूंनी चिकटवलेला कागद पावसाळ्यात फुगतो आणि मधे फाटतो.

हे सगळं सुटं करण्याआधी जुन्या वहीचं प्रत्येक पान जसंच्या तसं स्कॅन करा, कारण कुणाशेजारी काय लावलं होतं हीसुद्धा माहितीच आहे. मजकुराला ३०० ते ४०० डीपीआय, फोटोला ६०० डीपीआय, टिफ स्वरूपात. ए-४ आकाराचं रंगीत पान ६०० डीपीआयला साधारण १०० एमबी होतं, तेव्हा पेनड्राइव्ह त्या हिशेबाने न्या. स्कॅनिंगच्या दुकानात एकच अट घाला: कागद आपोआप ओढणारा फीडर वापरायचा नाही, काचेवर ठेवूनच. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट स्कॅन करा.

वही बांधण्याचे महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. कागदात स्वतःचा ओलावा असतो. ऑगस्टमध्ये पॅक केलेला अल्बम म्हणजे ऑगस्टची हवा वर्षभर आत कोंडणं. फेब्रुवारीत कोरड्या दिवशी घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन पेटीत ठेवा आणि तीन किलोच्या अल्बमला १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल घाला. जास्त घातलं तर फोटोचा जिलेटिनचा थर वाळून गुंडाळी होते. उघड्या कपाटात टाकलेल्या सिलिकाच्या पुड्यांचा उपयोग शून्य. आत लहान डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. लक्ष्य ४५ ते ५५ टक्के, ६५ च्या वर गेलं की बुरशीची शक्यता धरा. स्वस्त मापक चुकतात, म्हणून आधी घरीच तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ते ओलसर होईल एवढंच पाणी, मापकासह बंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवं. फरक पडला तर तेवढा लक्षात ठेवून वाचा. नारिंगी सिलिका हिरवी झाली की ओव्हनमध्ये ११० अंशांना दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येते.

पेटी माजघरात, आतल्या भिंतीला, पण भिंतीपासून चार बोटं सुटी आणि जमिनीपासून वीतभर उंच. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसाळाभर पाणी पिते, तिला टेकवू नका. माळ्यावर कौलाखाली उष्णता आणि गळती दोन्ही. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकला मऊ करते. वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर पेटीबाहेर, कागदाला टेकला तर डाग पडतो. कसर दिसलीच तर ते पान पॉलिथिनमध्ये हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. काचेच्या निगेटिव्हना मात्र हा इलाज नाही.

राहिला तो अर्धा गुण. ४० पानांचा भरलेला अल्बम जड होतो, मांडीवर घेऊन चाळता येत नाही, टेबल लागतं. आणि वर्षातून एकदा स्क्रू पुन्हा आवळावे लागतात, कारण पावसाळ्यात फुगलेला कागद हिवाळ्यात बसतो आणि पानं ढिली होतात. बोटांनी आवळा, पक्कड लावली तर दांडी पुठ्ठ्यात रुतते. ऑर्डर देताना ६ आणि १२ मिमीचे वाढीव दांडे आणि त्याच गठ्ठ्यातली दहा कोरी पानं, भोकं पाडून, आत्ताच घेऊन ठेवा. पुढे त्याच मापाची भोकं दुसऱ्या बाइंडरकडून जुळत नाहीत.